उरलेल्या शाडूचा राजासॉरस

भाचीला शाळेत डायनासोर करून न्यायचा होता आणि घरी गणपतीचा शाडू उरलेला, म्हटलं टी-रेक्स सगळेच आणतील, आपण शेजारच्या गुजरातचा राजासॉरस करू. पहिला केला तो नाकावर आपटला. शेपूट आखूड ठेवलं होतं ना.

तर आधी शेपूट. हा प्राणी साधारण 6.6 मीटर लांब धरतात, म्हणजे विसाव्या भागाचं मॉडेल 33 सेंमी, पट्टीपेक्षा जरासं मोठं. आमच्या नाशिकच्या रविवार कारंजावरून बाइंडिंग वायर आणा, दुहेरी पिळा, नाकापासून शेपटापर्यंत एकच सलग तार आडवी ठेवा. निम्मी लांबी कमरेच्या मागे गेली पाहिजे. पाय बरोब्बर कमरेखाली, आता नुसती तार उभी राहते का बघा, पडली तर शाडू लावायची घाईच करू नका. मग पेपरचे बोळे दोऱ्याने गुंडाळून अंग भरा आणि वरून शाडूचा पातळ थर द्या, जाड दिला की तडकतो, आणि सावलीतच वाळवा.

डोकं मगरीसारखं लांब नको, आखूड आणि उंच. कपाळावर एकच बुटकं शिंग, खरं तर टेंगूळच, नाकाची आणि कपाळाची हाडं मिळून झालेलं. मी बोटाने नुसतं चिमटून वर काढलं, तेवढंच छान दिसतं, गेंड्यासारखं टोक काढू नका. हात सापडलेलेच नाहीत, म्हणून अर्जेंटिनातल्या नातेवाइकाचे, कार्नोटॉरसचे बघून केले, इतके चिमुकले की भाची म्हणाली, मामा हा जेवतो कसा? तोंडानेच गं!

आता आमची आयडिया. जिथली हाडं सापडलीत तिथेच गेरू लावायचा: मेंदूची कवटी, मणके, कंबर, मागचे पाय, शेपूट. बाकी अंग कोरं. ही हाडं 1982 ते 84 मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या सुरेश श्रीवास्तवांनी बालासिनोरजवळ रहियोलीला गोळा केली आणि नाव मिळालं थेट 2003 ला.

खाली मात्र पांडवलेणीकडचा काळा दगड ठेवू नका. तो लाव्ह्याचा, त्यातले पांढरे खडे हाडं नसतात, झिओलाइट नावाचं खनिज असतं. राजासॉरस निघाला लाव्ह्याखालच्या लामेटा थरात, म्हणजे वाळू-गाळाच्या खडकात, तेव्हा प्लायवर फेविकॉल लावून बांधकामाची वाळू भुरभुरवा.