नाका नाही म्हणजे टोल नाही, असं नसतं: म्युनिकला नव्याने आलेल्यांसाठी

जर्मनीत खासगी मोटारीला ऑटोबानवर, म्हणजे महामार्गावर, टोल नाही. सरकारने तो आणायचा घाट घातला होता, पण २०१९मध्ये युरोपीय न्यायालयाने तो अडवला. त्यामुळे इथे गाडी घेतलेल्या माणसाच्या डोक्यात टोल हा विषयच नसतो आणि पहिल्याच जोडून आलेल्या सुट्टीला तो ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुककडे निघतो. टोल भरायला सीमेवर नाका नाही, आडवा दांडा नाही. खालापूरच्या रांगेत वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं, कोणी अडवलं नाही म्हणजे काही द्यायचं नसेल.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागते. एक दिवसाची, दहा दिवसांची, दोन महिन्यांची किंवा वर्षाची मिळते. डिजिटल विन्येट गाडीच्या नंबरला जोडलेली असते, म्हणून नंबर टाकताना शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत नको, देशही जर्मनीच निवडा. आस्फिनाग या सरकारी कंपनीच्या साइटवरूनच घ्या, मधले विक्रेते वर पैसे लावतात. सुरू होण्याची तारीखही बघा, वर्षाची विन्येट घेतल्या दिवसापासूनच लागू होईल असं धरून चालू नका. फक्त सीमेलगतच्या कुफ्श्टाइन गावचा किल्ला बघायचा असेल तर सीमेपासून कुफ्श्टाइन-स्यूड एक्झिटपर्यंत २०१९च्या डिसेंबरपासून विन्येट माफ आहे. त्याच्या पुढे मात्र हवीच.

न घेता गेलात आणि कॅमेऱ्यात सापडलात, तर गाडी ज्याच्या नावावर त्याला पत्र येतं. त्यात मागितलेली रक्कम शंभर युरोंच्या वर असते, पण ती दंड नव्हे, बुडवलेल्या टोलच्या बदल्यातली असते. दिलेल्या मुदतीत भरली की प्रकरण तिथेच मिटतं. नाही भरली, तर ते तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे जातं आणि मग खरा दंड लागतो: ३०० ते ३००० युरो.

इथे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास कोणीतरी सांगतं, ‘फेकून द्या हो ते पत्र, ऑस्ट्रियावाले इथे येऊन काय करणार?’ यायची गरजच नाही त्यांना. दोन्ही देशांत करार आहे, २५ युरोंपासूनचे ऑस्ट्रियन दंड जर्मन यंत्रणा वसूल करते. युरोपीय संघातल्या इतर देशांसाठी ही मर्यादा ७० युरो आहे आणि ते काम बॉनच्या केंद्रीय न्याय कार्यालयामार्फत चालतं. माझं मत विचाराल तर पहिल्या पत्रालाच पैसे भरून मोकळं व्हावं. चूक त्यांची असेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत घ्यावी, विन्येटची पावती जोडावी. गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

हंगेरीची गोष्ट थोडी निराळी. तिथला टोल हे दिवाणी देणं मानलं जातं, म्हणजे वसुली कंपनी थेट जर्मन कोर्टात जाऊ शकते. २०२२मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते मान्य केलं. त्या खटल्यात प्रतिवादी होती भाड्याने गाड्या देणारी कंपनी. चालवणारा कोणी का असेना, नोंदणी ज्याच्या नावे त्याने भरायचं. अशा कंपन्या ते पैसे शेवटी तुमच्याच कार्डावरून वळते करतात, वर हाताळणी शुल्क लावून.

स्वित्झर्लंडची विन्येट फक्त वर्षाची मिळते, ४० फ्रँक. नसल्यास २०० फ्रँक दंड आणि विन्येटही घ्यावीच लागते.

ब्रेनर खिंडीमार्गे इटलीला जाताना ऑस्ट्रियात ब्रेनरच्या पट्ट्याचा टोल वेगळा असतो. पुढे इटलीत मात्र आपल्यासारखे नाके आहेत. आत शिरताना निघालेलं तिकीट जपून ठेवा, हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात. टेलिपासच्या (आपल्या फास्टॅगसारखी सोय) पिवळ्या लेनमध्ये घुसू नका. मशीनने कार्ड घेतलं नाही तर जी चिठ्ठी निघते, ती १५ दिवसांत भरायची असते. राहिली तर दीड-दोन वर्षांनीही वसुलीवाल्यांचं पत्र येतं, तोवर तुम्ही ती सहल विसरलेले असता.

आणि नवीन आलेली मंडळी वर्षभरात दोन-तीन घरं बदलतात, म्हणून एवढं करा: टाउनहॉलमध्ये पत्ता बदललात की गाडीच्या नोंदणीतही बदलला गेलाय का ते बघा, आणि लेटरबॉक्सवर आडनाव लावा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि पाटी फक्त बायकोच्या माहेरच्या आडनावाची असेल, तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. मुदत मात्र चालूच राहू शकते.