चिंचेत टाकू नका: वारसा-संवर्धनाच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

एमएस्सी केमिस्ट्री झालं की सोलापुरात सल्ला ठरलेला: "चिंचोळी एमआयडीसीत बघ, नाहीतर हैदराबादला फार्मात जा." मी जुन्या धातू-दगडांच्या संवर्धनाकडे वळले, तेव्हा मावशीने विचारलं, "म्हणजे मूर्ती घासायच्या का गं?" नव्याने येणाऱ्या मुलामुलींचा समजही साधारण हाच असतो. खरं तर इथलं निम्मं काम लोकांना घासू न देण्याचं आहे.

शिवराई, म्हणजे तांब्याचं जुनं मराठेशाही नाणं, हीच घ्या. सापडली रे सापडली की चिंचेत पडते. निघते चकचकीत, पण अक्षरांच्या कडा आणि वरचा स्थिर थर गेलेला असतो. तो काळपट-हिरवा थर धातूला सांभाळत असतो. काळजी करायची ती फिक्या हिरव्या, भुरभुरीत ठिपक्यांची. मातीतल्या क्लोराइडमुळे नाण्यात क्युप्रस क्लोराइड तयार होतं; ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची हिरवी भुकटी होते, आम्ल सुटतं, आणि ते आतलं तांबं खात जातं. हाच ब्राँझ डिसीज. सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली तर तो बराच आटोक्यात राहतो. आपला उन्हाळा नाण्यांना मानवतो, माणसांचं काही का होईना! पावसाळ्यात मात्र हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. बेंझोट्रायझोल हे तांब्याचा गंज रोखणारं रसायन लावणं प्रयोगशाळेतलं काम, घरी करून बघू नका.

दगडाकडे येताना बीएस्सीचं कंटाळवाणं सॉल्ट ॲनालिसिस कामी येतं. जुन्या वाड्याच्या जोत्यावर पांढरी भुकटी फुललेली दिसते. मालकाला विचारून, खाली गळून पडलेली चिमूटभर घ्या. डिस्टिल्ड पाण्यात ढवळून गाळा, विरल नायट्रिक आम्लाचे थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेट. दुधी साका आला की क्लोराइड. दुसऱ्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घालून सल्फेट बघा. पाणी सुकताना हेच क्षार छिद्रांत स्फटिक होऊन वाढतात आणि दगडाची कपची उडते. चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट थापलं की दुखणं वाढतं: ओल सांध्यातून निघायची ती दगडातून निघते, वर सिमेंटचे क्षार वेगळेच.

संरक्षित वास्तूवर मात्र यातलं काही करायचं नाही, खरवडणं तर गुन्हाच. तिथे कॅमेरा वापरा. हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. असा लेख तिरक्या उजेडात टिपला की समोरून न दिसणारी झीजही उमटते. त्याच कोनातून, पट्टी ठेवून, पावसाळ्याआधी आणि नंतर फोटो घ्यायची सवय लावा.

यंत्रांचं फार दडपण घेऊ नका. एक्सआरएफ हे क्ष-किरणांचं यंत्र मूलद्रव्यं सांगतं, तीही पृष्ठभागाजवळची. गंजलेल्या नाण्यावर धरलं तर आकडे मुख्यतः गंजाचे येतात. संयुग कोणतं, ते एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना ओळखणाऱ्या यंत्राला, विचारावं लागतं. हा फरक नीट कळलेला विद्यार्थी मार्गदर्शकांना आवडतो.

पुढे जायचं तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा, पुरातत्त्व सर्वेक्षणाची डेहराडूनची विज्ञान शाखा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र इथे चौकशी करा. पुरातत्त्वाची बाजू कच्ची असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. अर्ज करण्याआधी तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक दिवस काढा, एकच वस्तू निवडा आणि तिची अवस्था दोन पानांत लिहा: रंग, तडे, थर, जुनी डागडुजी. मुलाखतीला ती पानं सोबत न्या, गुणपत्रिकेच्या वर ठेवून.