नरारा पाहायचंय? आधी तिथी बघा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कालनिर्णयावर दोन रंगांच्या खुणा असतात. लाल खुणा चतुर्थी-एकादशीच्या, सासूबाईंपासून चालत आलेल्या. निळ्या माझ्या, ओहोटीच्या. बडोद्यात बसून ओहोटी कसली मोजता, असं शेजारी विचारायचे. आता तेच दिवाळी झाली की फोन करतात, "काकू, यंदा कधी?"

शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून दर हिवाळ्यात ओळखीतली आठ-दहा माणसं घेऊन मी जामनगरपलीकडे नराऱ्याला जाते. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. प्रवाळ बघायला अंदमानात पाण्याखाली उतरावं लागतं. इथे ओहोटीला समुद्रच मागे हटतो आणि आपण बूट घालून त्याच्या तळावरून चालतो. त्यामुळे सगळी सहल तुमच्या रजेवर नाही, चंद्रावर ठरते.

पहिल्या खेपेला मी हेच चुकवलं. सोयीचा रविवार धरला, निघाली अष्टमी. गुडघाभर गढूळ पाण्यात दोन तास उभे राहिलो आणि एक खेकडा पाहून परत आलो. यजमान अजून तो खेकडा काढतात.

तर हिशेब असा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती खूप वर चढते, ओहोटीही तितकीच खाली जाते. अष्टमीला भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीयेला दोनाची पाऊणपट, म्हणजे दीड वाजता भरती, आणि सहा तासांनी, साडेसातला ओहोटी. कच्छच्या आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो, त्यामुळे वेळ आणखी पुढे सरकते. पौर्णिमेची सकाळची ओहोटी थंडीच्या दिवसांत उजाडता-उजाडताच येते, म्हणून मी द्वितीया-तृतीया धरते. उधाणाचा जोर असतो आणि ऊनही वर आलेलं असतं. हा झाला घरचा अंदाज. तिकिटं काढण्याआधी जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. तक्त्यात ओहोटीपुढचा पाण्याच्या उंचीचा आकडा जितका लहान, तितका प्रवाळ उघडा. महिने कार्तिक ते फाल्गुन.

बडोद्याहून जामनगर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या घरात आहे. मी रात्रीच्या रेल्वेने जाते, म्हणजे पाठ शाबूत राहते. एक दिवस आधी पोचा. जामनगरहून नरारा साठेक किलोमीटर, द्वारकेच्या दिशेने, वाडिनारजवळ. परवानगी वनखात्याची लागते. मरीन नॅशनल पार्कच्या जामनगरच्या कार्यालयात आधी फोन करा, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा आणि स्थानिक मार्गदर्शक घ्याच. याच उद्यानातल्या पिरोटन बेटाचं नाव ऐकून हुरळू नका. तिथली बोट भरतीच्या पाण्यावरच चालते, म्हणजे गेलात की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. शिवाय बेट कधी उघडं, कधी बंद. पहिल्यांदा जाणाऱ्याने नराराच बघावं.

ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावर हजर राहा. उतरत्या पाण्यामागून चालत जायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. "अजून एक फोटो" म्हणणारा प्रत्येक गटात असतो. त्याला सांगा की भरतीचं पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. मागच्या खोलगट वाटा आधी गुपचूप भरतात.

पायात जुने, जाड तळाचे, नाडीचे कॅनव्हास बूट हवेत. चपला चिखलात राहतात, अनवाणी पाय कापतो. सुती साडी मी जामनगरला ठेवते आणि सलवार पोटऱ्यांपर्यंत दुमडते. लांब बाह्या आणि डोक्याला ओढणी असली की सनस्क्रीन जवळजवळ लागत नाही, आणि ते बरंच. त्यातली काही द्रव्यं प्रवाळाला बाधतात, म्हणून हवाईत २०२१पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा मात्र आणाच. तो घातला की पायापाशी काय बसलंय ते दिसतं. दशम्या आणि लीलो चेवडो गाडीतच ठेवा.

आता मुद्द्याचं, पाय कुठे टाकायचा. वाळूवर. खडक वाटला तरी वाळूवरच. मेंदूसारख्या वळ्यांचा तपकिरी, शेवाळी गोळा दिसेल, तो दगड नव्हे. कवडीहून लहान हजारो प्राण्यांची ती वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. चिखल बसला की ऊन अडतं आणि भाडं बंद होतं. तुमच्या पायाने उडालेला गाळ जातो तो तिथेच. म्हणून एकामागे एक, मार्गदर्शकाच्या पावलावर पाऊल. पाय उचलून आपटू नका, वाळूत सरकवत न्या, म्हणजे वाळूत पुरलेला पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातो. रंगीबेरंगी बाग मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. हे प्रवाळ गढूळ पाणी, ऊन आणि थंडी सोसून जगणारे आहेत, दिसायला साधेच.

कोणीतरी विचारतंच, म्हणून सांगते, अंगठीतलं पोवळं इथलं नाही. ते भूमध्य समुद्रासारख्या दूरच्या पाण्यातलं. इथला मेलेला तुकडाही उचलू नका. खऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. एके काळी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जात होती.

दिसतं काय? ऑक्टोपस दगडाच्या फटीत रंग बदलून बसतो. समुद्रफूल, तेही प्राणीच, ताटाएवढं पसरतं. समुद्रकाकडी लोळत असते, तिला छेडलं तर स्वतःची आतडी बाहेर टाकते. फुगणारा मासा म्हणजे सगळ्यांचा लाडका, आणि माझं भांडण त्याच्यावरूनच. काही मार्गदर्शक त्याला हातात घेऊन फुगवून दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात. तो मासा खेळत नसतो, जिवाला भ्यालेला असतो. मी सुरुवातीलाच सांगते, "भाई, एने पाणीमां ज रहेवा द्यो." एकदा एक जण फुरंगटला, "बेन, तो पछी लोको जोवा शुं आवशे?" म्हणजे, मग लोक बघायला काय येतील? त्याला म्हटलं, दहा मिनिटं डबक्याकाठी गप्प उभे राहू. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कडेचा एक 'दगड' उठून चालायला लागला. ऑक्टोपस होता. टाळ्या तेव्हाही पडल्या, जरा हळू.

बडोदेकरांना हा समुद्र परका नाही बरं का. पश्चिमेचं, द्वारकेकडचं ओखामंडळ आपल्याच बडोदा संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने तिथल्या सागरी जीवांची पाहणी केली. तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ साली निघाले. नराऱ्याच्या वाळूत उभं राहिलं की समोर तेलाची जहाजं दिसतात, आणि हॉर्नेलसाहेब काय बघत असतील ते मला दर वेळी आठवतं.

दुपार मोकळी मिळाली तर जामनगरजवळ खिजडियाचं पक्षी अभयारण्य आहे. दुर्बीण असेल तरच.

किनारा सोडण्याआधी एक काम, मुलांचे खिसे तपासा. मागच्या वर्षी नातवाच्या खिशातून "रिकामा" शंख निघाला. तळहातावर ठेवला तर चालायला लागला. आत एका खेकड्याने बिऱ्हाड केलं होतं. मार्गदर्शक त्याला घेऊन पुन्हा पाण्यापर्यंत गेला. तोवर पाणी बरंच आत आलं होतं, त्याला फार चालावं लागलं नाही.