बंदी उठण्याआधी: बोटीच्या इंजिनातलं कूलंट सांडत असेल तर

1 जूनला मासेमारी बंदी लागते, होड्या शाकारल्या जातात आणि इंजिनाची आठवण येते ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर मेस्त्री कुणाच्याच हाती लागत नाही. गेल्या हंगामात ओव्हरफ्लोच्या (तापून फुगलेलं जादा कूलंट जाते त्या) बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, सांडत होतं आणि ‘घाल वरून पाणी नि चल’ यावर निभावलं असेल, तर ही तयारी 31 जुलैची वाट न बघता, जुलै अर्धा सरायच्या आत उरका.

पाना हातात घेण्याआधी तांडेलाला (बोटीच्या कप्तानाला) बसवून विचारा, सांडतं नक्की कधी? ‘नेहमीच’ हे उत्तर धरू नका. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर बाटलीत बुडबुडे येत असतील आणि पाणी तापायच्या आतच वरचा होज कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालचं पॅकिंग) गेलंय किंवा हेडला, त्या झाकणालाच, तडा आहे. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, मेस्त्रीला बोलवा. जाळं ओढताना, पूर्ण लोडवर अर्ध्या तासाने सांडत असेल तर हीट एक्सचेंजरच्या नळ्यांमधून फिरून कूलंट थंड करणारं समुद्राचं पाणी कमी पडतंय. इंजिन बंद केल्यावरच सांडत असेल तर बहुधा हेडर टाकीची (इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीची) कॅप सैल पडलीय, नाहीतर बोट धावत आली की लगेच इंजिन बंद करायची सवय आहे. पंप थांबतो, पण ब्लॉकची उष्णता कुठे जात नाही. थांबलेलं पाणी आणखी तापतं आणि उसळतं. बंद करण्याआधी चार-पाच मिनिटं रिकामं चालू ठेवायला खलाशांना सांगा.

कधीकधी मात्र बिघाड काहीच नसतो. कूलंट थंडचं गरम होताना साधारण चार टक्के फुगतं. सगळं मिळून 25 लिटर बसत असेल तर एक लिटर कुठेतरी जायलाच हवं. बाटली थंड असताना गळ्यापर्यंत भरली की ते खाली सांडणारच. म्हणून थंड असताना खालच्या खुणेपर्यंतच भरा. कॅपपासून बाटलीत येणारी बारीक नळीही बघा. तिचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं हवं आणि नळीला चीर नको. इंजिन निवताना ते बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतं. नळी फाटली असेल तर हवा ओढतं. मग बाटली भरलेली आणि हेडर टाकी रिकामी, असा घोळ होतो आणि माणूस बाटली बघून निर्धास्त राहतो.

कॅप स्वस्त आहे, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. कॅपवर दाबाचा आकडा असतो, 0.9 बार किंवा 13 पीएसआय असा. तोच आकडा असलेली नवीन कॅप घ्या. ‘जास्त दाबाची बसवली की सांडणार नाही’ हा सल्ला ऐकलात तर होज तरी फुटेल नाहीतर हीट एक्सचेंजर. आतलं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला; टाकीच्या तोंडाची कड खाल्ली गेली असेल, तर नवी कॅपही दाब धरणार नाही. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही. हे दरवर्षी सांगावं लागतं.

आता समुद्राच्या पाण्याची बाजू. खरा वेळ इथेच द्या. दोन महिने इंजिन उभं असताना पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती एकाच जागी वाकून बसतात. कव्हर काढून बघा: पात्याच्या मुळाशी चीर दिसली की इम्पेलर बदला. एखादं पातं तुटून नाहीसं झालं असेल तर तुकडा सापडेपर्यंत शोध थांबवू नका. तो बहुतेक वेळा हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो. एक्सचेंजरची झाकणं उघडली की नळ्यांमध्ये खार, शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, प्लॅस्टिकची चिंधी, काहीही मिळतं. साफ करायला लोखंडी सळई घालू नका, नळ्या मऊ धातूच्या असतात. बांबूची काडी चालते. झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) अर्धं झिजलं असेल तर बदला. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) आणि गाळणी साफ करा.

इंजिन थंड असतानाही बाटलीची पातळी चढतीच राहिली, तर एक्सचेंजरची नळी गळून समुद्राचं पाणी कूलंटमध्ये येत असेल. चव घेऊन खारेपणा बघायचा नाही, कूलंट विषारी आहे. खाऱ्या पाण्याची बाजू उघडी ठेवून कूलंटच्या बाजूला हातपंपाने कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्या. काटा पंधरा मिनिटं जागेवर राहिला तर ठीक. उतरला तर कुठल्या नळीतून थेंब येतो ते टॉर्च लावून बघा.

थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप) तपासायला पातेलं पुरतं. तो दोरीने टांगून पाण्यात सोडा, थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर 82 (अंश सेल्सिअस) कोरलंय तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. तो काढून टाकून इंजिन चालवायचा उपाय मला पटत नाही. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त जळतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

भरताना कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. बोअरच्या पाण्याने आत खार बसतो. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका. हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. जुनं कूलंट डब्यात काढा, खाडीत सोडू नका.

बोट पाण्यात उतरली की जेट्टीला दोर पक्के बांधून, गिअर टाकून लोडवर अर्धा तास चालवा. एक्झॉस्टमधून पाण्याचा जोर बघा आणि दर दहा मिनिटांनी तापमान वहीत लिहा. निवल्यावर पातळी पुन्हा बघा. अडकलेली हवा निघाल्याने थोडी उतरेल, तेवढी भरा.

बोटीवरच्या डब्यात इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, बेल्ट, कॅप, थर्मोस्टॅट, होजचा तुकडा, क्लिपा आणि पाच लिटर तयार कूलंट ठेवा. ते संपलं तर प्यायचं पाणी घाला, समुद्राचं नव्हे, आणि तेही इंजिन निवल्यावर.