फ्लोटिंग पॉइंटचा एक्स्पोनंट वाचताना या चुका टाळा

फ्लोटिंग पॉइंट म्हणजे संगणकात अपूर्णांकी संख्या ‘फ्रॅक्शन गुणिले २ चा घात’ अशी साठवायची पद्धत; तो घातांक म्हणजे एक्स्पोनंट, आणि साठवताना त्यात मिळवलेली ठरावीक संख्या म्हणजे बायस. ‘१२७ वजा करा’ एवढं पाठ करून लोक बायसच्या वाटेला जातात आणि पहिल्याच खऱ्या डेटावर अडकतात. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये १ बिट साइनचा, ८ एक्स्पोनंटचे आणि २३ फ्रॅक्शनचे. त्या ८ बिटांत ० ते २५५ मधला बिनचिन्हाचा पूर्णांक बसलेला असतो. १ ते २५४ पर्यंत त्यातून १२७ वजा केले की खरा घातांक मिळतो. टूज कॉम्प्लिमेंटचा (वरचा बिट १ असेल तर संख्या ऋण धरायची पद्धत) इथे काडीचाही संबंध नाही, आणि सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते.

चाकणच्या एका कारखान्यात वीजमीटरचं रीडिंग मोडबसवरून (कारखान्यातली उपकरणं जोडायची संदेशपद्धत) पीसीवर आणायचं होतं. पॉवर फॅक्टर ०.९५, अगदी बरोबर. व्होल्टेज ०.००, फ्रिक्वेन्सीही ०.००. करंट तर त्याहून विचित्र: १.६ अँपिअर नीट दिसायचा, मोटर सुरू होऊन २ च्या वर गेला की शून्य. वायरिंग तपासून झालं, फ्यूज बदलून झाले, मीटर परत पाठवायची तयारीही झाली. कच्चे बाइट मात्र तोवर कुणीच पाहिले नव्हते. मी गेल्यावर आधी तेच मागितले. व्होल्टेजचे बाइट, हेक्समध्ये (१६ च्या पायात): ४३ ६६ ०० ००. कागदावर मांडले की ० १००००११० ११००११० आणि पुढे सगळी शून्यं. एक्स्पोनंट १३४, वजा १२७ म्हणजे ७. फ्रॅक्शन ०.७९६८७५, त्याच्या आधी गृहीत १ (बिटांत न लिहिलेला): १.७९६८७५ गुणिले १२८ (२ चा ७ वा घात), बरोबर २३०. मीटर पहिल्यापासून खरं सांगत होता.

घोळ कोडमध्ये होता. एक्स्पोनंटचे ८ बिट काढून साध्या कॅरेक्टर टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले होते. त्या पीसीवर हा टाइप साइन्ड (ऋण संख्याही धरणारा), म्हणून १३४ चे झाले उणे १२२. त्यातून १२७ गेले, उरले उणे २४९. २ चा उणे २४९ वा घात दोन दशांश स्थळांपर्यंत छापला तर ०.०० च दिसणार. २ पेक्षा लहान संख्यांचा एक्स्पोनंट १२७ किंवा त्याहून कमी असतो, वरचा बिट शून्य राहतो, म्हणून पॉवर फॅक्टर सुखरूप सुटला. लिहिणाऱ्याने कोड एआरएम बोर्डावर (वेगळ्या जातीचा प्रोसेसर) तपासला होता. तिथल्या कंपायलरला साधा कॅरेक्टर अनसाइन्ड, त्यामुळे सगळं छान चाललं.

माझी पद्धत ठरलेली आहे. बिट ३२ बिटच्या अनसाइन्डमध्ये काढायचे, २५५ ने मास्क करायचे (खालचे ८ बिट ठेवून बाकीचे पुसायचे), आणि वजाबाकीच्या आधी साइन्ड इंटमध्ये घ्यायचे. अनसाइन्डमध्येच वजा केलं तर १२६ वजा १२७ चे ४२९४९६७२९५ होतात. मग ०.५, १, २ आणि उणे २ या चार संख्या हाताने सोडवून पडताळायच्या. २ पाशी एक्स्पोनंट १२८ होतो आणि वरचा बिट चढतो, त्यामुळे २ ची चाचणी सोडायची नाही. नवशिक्यांना याचा कंटाळा येतो, थेट ऑनलाइन कन्व्हर्टर उघडतात. कन्व्हर्टर उत्तर देतो, पण तुमच्या कोडमधली चूक कुठे आहे ते दाखवत नाही. प्रत्यक्ष कामात बिट जसेच्या तसे फ्लोटमध्ये कॉपी करणंच उत्तम, पण ते हाताने सोडवता आल्यावर.

बायस ठेवला तो तुलना सोपी व्हावी म्हणून. एक्स्पोनंट वरच्या बाजूला आणि बिनचिन्हाचा असल्याने दोन धन फ्लोटचे बिट साध्या पूर्णांकांसारखे ताडून लहानमोठं ठरवता येतं. टूज कॉम्प्लिमेंट असतं तर ०.५ चे बिट २ पेक्षा मोठे दिसले असते. ऋण संख्यांत क्रम उलटतो, तिथे हा शॉर्टकट डोळे मिटून वापरू नका.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक: एक्स्पोनंट फील्ड ० दिसलं की उणे १२७ धरणं. फील्ड ० म्हणजे शून्य किंवा सबनॉर्मल (नेहमीच्या, म्हणजे नॉर्मल संख्यांहूनही लहान संख्या). तिथे घातांक उणे १२६ च राहतो, फक्त फ्रॅक्शनच्या आधीचा गृहीत १ नाहीसा होऊन ० येतो. उणे १२७ धरलंत तर प्रत्येक सबनॉर्मलची किंमत निम्मी निघेल, आणि सगळ्यात लहान नॉर्मल संख्येच्या खाली मोठं भगदाड पडेल. फ्लोटिंग पॉइंटच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकात हे मुद्दाम असं ठेवलं आहे: शून्यापासून वर सगळ्या सबनॉर्मल २ च्या उणे १४९ व्या घाताएवढ्या समान अंतराने येतात आणि पहिल्या नॉर्मलला सलग जाऊन मिळतात.

फील्ड २५५ म्हणजे घातांक १२८ नव्हे. फ्रॅक्शन शून्य असेल तर अनंत, नसेल तर नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण).

बायस १२८ नाही, १२७.

६४ बिटच्या डबलला १०२३, १६ बिटच्या हाफला १५. सगळीकडे १२७ चिकटवू नका.

नॉर्मल संख्येत गृहीत १ विसरलात तर २३० च्या जागी १०२ येईल.

आणि इंटेलच्या ८० बिटच्या फॉरमॅटमध्ये तो १ गृहीत नसतो, प्रत्यक्ष लिहिलेला असतो; बायस तिथे १६३८३.