जुन्या संगणकावर लिनक्स मिंट: आधी चालवून पाहा, मगच बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीच्या नियमित मोफत सुरक्षा सुधारणा थांबल्या आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. असा संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त, विनामूल्य कार्यप्रणाली चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलमध्ये) उतरवून घ्यावी. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असल्यास एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मात्र रुफस किंवा बालेना एचर या प्रोग्रामने फाइल त्यावर चढवताना आधीचे सर्व काही पुसले जाते.

संगणक सुरू होताना एफ१२ (काही यंत्रांत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडला, की हार्डडिस्कला धक्का न लावता मिंट सुरू होते. पेनड्राइव्हवरून ते काहीसे संथ चालते, म्हणून वेगावरून मत बनवू नये. वाय-फाय जोडावे, आवाज आणि कॅमेरा तपासावा, प्रिंटरवर एक पान छापावे आणि लॅपटॉप मिटून उघडल्यावर तो पूर्ववत जागा होतो का, हेही पाहावे. वाय-फाय दिसतच नसेल, तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे व मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर (यंत्रभागांसाठीची सॉफ्टवेअरे शोधून बसवणारे साधन) उघडावा.

मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा कागपा फोनेटिक लेआउट जोडता येतो. युनिकोड (संगणकांवरील अक्षरांची सामायिक पद्धत) न वापरणाऱ्या फाँटमधील जुनी पत्रे मात्र तो फाँट नसल्यास वाचता येत नाहीत, म्हणून ती आधीच युनिकोडमध्ये आणावीत. टॅली विंडोजसाठीच बनलेले असल्याने त्यावर हिशेब ठेवणाऱ्यांनी विंडोज न काढता मिंट शेजारी बसवावे.

बसवण्यापूर्वी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत आणि बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण ती नसेल तर स्वतःच्याच फायली कायमच्या कुलूपबंद होऊ शकतात. इन्स्टॉलरमध्ये 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय विंडोजसह सारे काही नष्ट करतो. दोन्ही प्रणाली हव्या असतील तर 'शेजारी बसवा' हाच निवडावा.

मिंट बसल्यावर सर्वप्रथम टाइमशिफ्ट चालू करावे, म्हणजे एखाद्या अपडेटने बिघाड केल्यास प्रणाली आदल्या स्थितीत नेता येते. टाइमशिफ्ट मुळात प्रणालीच्या फायली जपते. स्वतःच्या फायलींची प्रत वेगळी ठेवावीच लागते.