नवी हेवी-ड्युटी डिझेल पिकअप: पहिल्या काही आठवड्यांत काय करावे

नवी कोरी हेवी-ड्युटी डिझेल पिकअप ताब्यात आली की तीन गोष्टी लगेच जाणवतात. आत बसायला चढून जावे लागते, रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात दणका देते आणि ॲक्सलरेटरवर नुसता पाय ठेवला तरी एवढे मोठे धूड सहज सुटते. दणके बसले की सस्पेन्शनमध्ये काही बिघाड असेल अशी शंका येते. बिघाड नसतो. मागचे पाटे टनभर वजन पेलायला बसवलेले असतात, हौद्यात काहीच नसेल तर ते दबणार कशाला? माझे मत स्पष्ट आहे: अशी गाडी ओझ्याने सहसा खचत नाही, ती खचते रिकामी, गार आणि जवळच्या जवळ फिरवून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने घ्या.

१. दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा

चालकाचे दार उघडा. चौकटीच्या खांबावर माणसे आणि सामान मिळून किती किलो चालेल ते छापलेले असते. हा तुमच्या गाडीचा पेलोड. जाहिरातीतला आकडा सोडून द्या, तो सर्वांत हलक्या मॉडेलचा असतो. शिवाय डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड. त्यामुळे गाडीची एकूण वजनमर्यादा तीच असेल, तर डिझेलवाल्या गाडीचा पेलोड कमीच भरतो. ताकद जास्त आणि वाहायची मुभा कमी, हे बऱ्याच जणांना गाडी घेतल्यावर कळते.

हिशेब करून बघा. समजा स्टिकरवर १,१०० किलो आहेत. चार माणसे ३०० किलो, हौद्यातली अवजारांची पेटी १२० किलो. मागे ४,५०० किलोचा ट्रेलर लावला, तर त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, येतो. १२ टक्के धरले तरी ५४० किलो. झाले ९६०. हौदा रिकामा दिसतोय, पण आता त्यात १४० किलोच टाकता येतील. शंका असेल तर भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन चिठ्ठी घ्या.

२. मोकळ्या मैदानात अंदाज घ्या

चार दारांची गाडी सहा मीटरपेक्षा लांब असते आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर चार मीटरच्या आसपास. वळताना मागचे चाक आतून कापत येते. त्यामुळे कोपऱ्यावर नेहमीपेक्षा थोडे पुढे जाऊन मग स्टिअरिंग फिरवा. उंची दोन मीटरच्या आसपास भरते, म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरण्यापूर्वी वरची पाटी वाचा. तासभर रिव्हर्सचा सराव केला की गाडी हाताला बसते.

३. दोन झाकणे, दोन टाक्या

इंधनाच्या दाराआड बहुधा दोन झाकणे असतात. निळे झाकण डीईएफचे, ज्याला ॲडब्लू असेही म्हणतात. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे मिश्रण आहे. ते एक्झॉस्टमध्ये फवारले जाते आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर होते. ते संपत आले की आधी इशारे येतात. दुर्लक्ष केले तर गाडी स्वतःहून वेग कमी करते किंवा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

डीईएफ डिझेलच्या टाकीत पडले किंवा डिझेलऐवजी पेट्रोल भरले गेले, तर इंजिन सुरू करू नका. किल्लीही फिरवू नका, कारण इग्निशन ऑन होताच पंप ते इंधन पुढे ओढू लागतो. टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. आजच्या कॉमन रेल यंत्रणेत (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) इंधन २,००० बारच्या आसपास दाबाने फिरते आणि पंपाला वंगण डिझेलच पुरवते. ते वंगण गेले की पंपाचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. हा खर्च भल्याभल्यांना रडवतो, म्हणून भरताना नोझल स्वतः बघा.

डीईएफ उणे ११ अंशांना गोठते. त्याची काळजी टाकीतला हीटर घेतो, पण घरी ठेवलेला कॅन उन्हात ठेवू नका. तोंडाशी पांढरे खडे जमले तर ओल्या फडक्याने पुसा.

४. सुरू करणे आणि रनिंग-इन

थंडीत ग्लो प्लगचा, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबा. इंजिन सुरू झाल्यावर अर्धा मिनिट पुरे, मग हळू चालवत गरम होऊ द्या. एकाच जागी वीस मिनिटे घरघरत ठेवायची जुनी सवय या इंजिनांना मानवत नाही.

रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाला हळूहळू सरावू देणे. पहिल्या ८०० ते १,६०० किलोमीटरपर्यंत जड ट्रेलर लावू नका. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एकाच वेगाने तासन्‌तास पळवू नका, वेग खालीवर होऊ द्या. मोह होणारच. २०१९ साली रॅमच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनाने १,००० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे १,३५६ न्यूटन-मीटर टॉर्क गाठला. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्युटीत तो आकडा १,२०० पाउंड-फूटवर गेला. एवढी ताकद कमी आरपीएमलाच हाताशी येते, तेव्हा पायाला आवर घाला.

५. डीपीएफची ओळख करून घ्या

नव्या मालकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल वापरून एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. काही गाड्या स्क्रीनवर तसे सांगतात, काही गुपचूप करतात. ओळखायचे कसे? उभ्या गाडीचा आरपीएम किंचित चढलेला असतो, आवाज बदलतो, मायलेजचा आकडा अचानक कोसळतो आणि खाली उतरल्यावर तापलेल्या लोखंडाचा वास येतो. अशा वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका.

रीजनरेशन मध्येच तोडू नका. घरी पोचलाच असाल आणि ही लक्षणे दिसली, तर आणखी वीस मिनिटे मोठ्या रस्त्याने फिरून या. ते वारंवार अर्धवट राहिले की न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली, तर कारण बहुधा हेच. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगना पुरे पडत नाही, ते बदलावेच लागते.

काजळी जळते, राख मात्र फिल्टरमध्येच राहते, आणि ती मुख्यतः ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घाला. दोन पैसे वाचवण्याची ही जागा नाही. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी महामार्गावर सलग चालवा. आणि तेही जमणार नसेल, तर खरे सांगायचे म्हणजे तुम्हाला पेट्रोल गाडीच घ्यायला हवी होती.

६. टायर आणि ओला रस्ता

मागच्या टायरमध्ये ६० ते ८० पीएसआय हवा असते. दणके कमी करायला ती मनाने काढू नका. काही कंपन्या रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा देतात, तो दिला असेल तरच पाळा. फोर-व्हील ड्राइव्ह बंद असताना सगळी ताकद हलक्या मागच्या चाकांवर जाते, त्यामुळे पावसात वळणावर मागचा भाग सहज घसरतो. एक्झॉस्ट अडवून इंजिनाच्या जोरावर वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेकही त्याच चाकांना अडवतो. निसरड्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर तो बंद ठेवा.

७. पहिला ट्रेलर

कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने जाताना ट्रेलर ब्रेकचा हातातला लिव्हर दाबा. ट्रेलरची चाके लॉक होतील इथपर्यंत गेन, म्हणजे ट्रेलर ब्रेकचा जोर, वाढवत न्या आणि मग थोडा कमी करा. ट्रेलरचे वजन बदलले की सेटिंग पुन्हा करा. टो/हॉल मोड, म्हणजे ओझे ओढताना गिअर त्या हिशेबाने बदलणारी सेटिंग, चालू ठेवा. लांब चढ भरल्या गाडीने चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, एक-दोन मिनिटे चालू राहू द्या. टर्बो तापून लाल झालेला असतो आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइल फिरत राहायला हवे.

चाक काढले असेल तर साधारण १६० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. इंधनात पाणी असल्याचा दिवा लागला तर लगेच थांबा. इंजिन बंद करून सेपरेटरचा, म्हणजे इंधनातले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा, नळ उघडा आणि खाली पारदर्शक भांडे धरा. पाणी तळाशी बसते, वर पिवळसर डिझेल. नुसते डिझेल पडू लागले की नळ बंद करा.